महकमा-ए-बेदारीचे उंदीर

झोप ही राज्यकारभाराची सर्वांत जुनी वैरीण आहे. परचक्र येतं आणि लुटून जातं, दुष्काळ येतो आणि वर्षा-दोन वर्षांत पाय काढता घेतो. झोप मात्र रोज येते, न बोलावता येते, आणि सरकारी कचेरीत तर दुपारच्या भाकरीनंतर अगदी ठरल्या वेळेला येते. (कचेरीत ठरल्या वेळेला येणारी ती एकटीच होती, हेही नमूद केलेलं बरं.)

ही बाब हैदराबादेतल्या थोर डोक्यांच्या ध्यानात आली ती फसली सन १३५२ मध्ये, म्हणजे इंग्रजी हिशेबानं १९४३च्या आगंमागं. लढाई चालू होती, लेव्हीचं, म्हणजे शेतकऱ्याकडनं सक्तीनं घ्यायचं, धान्य गोळा करायचं होतं, आणि गोदामांचे पहारेकरी, तालुक्याचे कारकून, टपालाचे हरकारे असे सगळे जण दुपारी दोनच्या सुमाराला एकदिलानं डुलक्या घेत होते. कमिटी बसली. कमिटीनं पाहणी केली. आरजी, म्हणजे कच्च्या नोकरीतला माणूस रोज सरासरी एक तास दहा मिनिटं झोपतो; मुस्तकिल, म्हणजे पक्का झालेला माणूस तीन तास झोपतो; साहेब लोक किती झोपतात ते मोजता आलं नाही, कारण मोजणाराला त्या खोल्यांत सोडलं गेलं नाही. साऱ्याची बेरीज करता रियासतीची दर साल अकराशे चाळीस वर्षं झोपेत वाया जातात असं निघालं. हा आकडा ऐकून कमिटीला असा काही धक्का बसला की ती तीन दिवस जागची उठली नाही.

उठली तेव्हा 'महकमा-ए-बेदारी' हे नवं खातं काढूनच उठली. बेदारी म्हणजे जागेपणा. खात्याला काम एकच: विलायतेहून आलेली एक पांढरी पूड तपासून बघायची. ती घेतली की लढाईवरचे गोरे शिपाई दोन-दोन दिवस पापणीला पापणी लावत नाहीत, अशी पक्की बातमी होती. कागदावर तिचं नाव सफूफ-ए-बेदारी. धाराशिवच्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात तिला जागपूड म्हणायला सुरुवात केली.

पूड आधी माणसाला द्यावी की जनावराला, यावर दीड महिना विचार झाला. माणूस दगावला तर मागं बायको अर्ज करते, भाऊ अर्ज करतो, आणि प्रत्येक अर्जाला उत्तर द्यावं लागतं. उंदराला वारस नसतात. (असतात, पुष्कळ असतात, पण त्यांच्यात अर्ज करायची चाल नाही.) तेव्हा उंदीर ठरला. मग जागा कुठली? सगळ्या जिल्ह्यांना विचारलं गेलं की तुमच्याकडं झोपेचं प्रमाण किती. बाकीच्या जिल्ह्यांची उत्तरं महिन्याभरात आली. उस्मानाबादचं उत्तर पाच महिन्यांनी आलं, आणि त्यात 'माहिती मागवण्यात येत आहे' एवढंच होतं. गरज कुठं सर्वांत जास्त आहे ते कमिटीला आपोआप कळलं.

तजुर्बाखाना, म्हणजे प्रयोगशाळा, उघडला तो धाराशिवात, गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात. (सरकार उस्मानाबाद म्हणायचं, माणसं धाराशिव म्हणायची, दोघांनी एकमेकांना दुरुस्त करणं केव्हाच सोडून दिलं होतं.) त्यावर मोहतमीम म्हणून तुळजापूरचे वसंतराव आले. मोहतमीम म्हणजे प्रमुख. माणूस मऊ, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावणारा, आणि हैदराबादेहून आलेलं प्रत्येक पत्र उभं राहून वाचणारा. आणि उंदरांची देखभाल आणि नोंद करायला मोहर्रिर, म्हणजे कारकून, नेमला गुरुसिद्धप्पा.

गुरुसिद्धप्पा ईट गावचा. गळ्यात लिंग, डोक्याला रुमाल, उर्दू अक्षर बघत राहावं असं, वय बेचाळीस आणि नोकरी आरजी. गेली अकरा वर्षं आरजी. आरजी माणसाला आज आपण नोकरीत आहोत की नाही हे कचेरीच्या दारातल्या शिपायाच्या सलामावरून ओळखावं लागतं. तीनदा त्याला काढलं होतं, तीनदा परत घेतलं होतं. त्याची बायको सिद्धम्मा हिनं अकरा वर्षांत सात गावांत सात चुली घातल्या होत्या, आणि आता आठवी गोदामाच्या मागच्या खोलीत घातली. चूल लिंपताना ती म्हणाली, "ही तरी फोडावी लागू नये बगा." त्यावर गुरुसिद्धप्पानं तिला नेमणुकीचा हुकूम वाचून दाखवला. कलम चार: तजुर्बा यशस्वी झाल्यास उंदरांच्या मोहर्रिरास मुस्तकिल करण्यात यावे. सिद्धम्माला उर्दू येत नव्हतं, पण त्या एका ओळीवर तिनं हात फिरवून घेतला.

आता उंदीर. चोवीस पांढरे उंदीर मुंबईहून निघाले ते बार्शीपर्यंत सुखरूप आले. बार्शी इंग्रजांची, येडशी आपल्या सरकारची, आणि मध्ये नाका. नाक्यावरच्या यादीत तूप होतं, तंबाखू होती, रेशीम होतं, उंदीर नव्हता. तेव्हा तिथल्या कारकुनानं उंदीर अडवून ठेवले आणि वर पत्र लिहिलं. उत्तर यायला दीड महिना लागला. उंदरांनी काही उत्तराची वाट बघितली नाही. गुरुसिद्धप्पा त्यांना आणायला गेला तेव्हा पिंजऱ्यात एक्कावन्न भरले.

"ह्ये सत्तावीस जादा कुठनं आणले?" नाक्यावरच्या कारकुनानं विचारलं.

"आणले न्हायत साहेब. झाले."

"झाले म्हंजे? कुणाच्या मंजुरीनं झाले?"

पुढं दोन महिने पत्रापत्री होऊन असं ठरलं, की चोवीस उंदीर कागदी धरावेत आणि सत्तावीस बेकागदी. सरकारी पूड बेकागदी उंदरांना देता येत नाही. त्यांना वेगळ्या पिंजऱ्यात ठेवून नुसतं सांभाळावं. मागाहून हैदराबादेच्या एका डॉक्टरानं कळवलं, की पूड न दिलेले काही उंदीर तुलनेसाठी लागतातच, शास्त्राचा तसा दंडक आहे. म्हणजे शास्त्राची सोय नाक्यावरच्या कारकुनानं आधीच करून ठेवली होती, आणि त्याचं नाव कुठल्याच अहवालात आलं नाही.

काम सुरू झालं. सकाळी दहाला प्रत्येक कागदी उंदराला गुळाच्या गोळीतनं राईएवढी पूड द्यायची, पाचपर्यंत दर तासाला त्याच्याकडं बघायचं आणि तक्त्यात लिहायचं. उंदीर हा जात्याच रात्रीचा हिंडणारा आणि दिवसाचा झोपणारा, हे रानातल्या कुठल्याही माणसाला ठाऊक आहे. पण कचेरी बंद झाल्यावर उंदीर काय करतात याच्याशी महकम्याला कर्तव्य नव्हतं. त्यामुळं बेकागदी उंदीर दिवसभर एकमेकांच्या अंगावर तंगड्या टाकून घोरताना दिसत आणि त्यांच्यापुढं 'सुस्त, कामचुकार' असा शेरा पडे. पूड घेतलेले भर दुपारी टक्क जागे. पहिल्याच आठवड्यात पुडीचा असा दणदणीत विजय झाला की वसंतरावांनी उभं राहून स्वतःच्याच पत्राची नक्कल वाचली.

पूड पोटात गेल्यावर तिचं पुढं काय होतं, याचं एक टिपण हैदराबादेहून आलं होतं. वसंतरावांना ते कळेना. गुरुसिद्धप्पाला मात्र सगळं ओळखीचं वाटलं. तोंड म्हणजे आवक. पोट तिच्यावर काही शेरा मारत नाही, नुसतं पुढं ढकलतं. मग पूड रक्तात उतरते आणि साऱ्या दालनांतनं हिंडते, आणि डोक्याच्या दालनात न विचारता घुसून तिथल्या पेट्यांत जपून ठेवलेला हुरूप बाहेर उधळते. (तो हुरूप उंदराचाच असतो बरं का. पूड पदरचं काही देत नाही. उद्याचा, परवाचा, आजारपणाला राखून ठेवलेला असा सगळा ती आजच काढून वापरते.) नंतर प्रकरण जातं यकृताकडं. यकृत म्हणजे पेशकार: आला कागद की फाड, तुकडे कर, शेरा मार, पुढं पाठव. पण एकदम ढीग आला की त्याचाही हात चालत नाही. उरलंसुरलं मूत्रपिंडातनं बाहेर, ती जावक. आणि गंमत म्हणजे पुडीचा चांगला तिसरा हिस्सा, जसा आला तसाच, कुणीही हात न लावता जावकेतनं बाहेर पडतो. हे वाचल्यावर गुरुसिद्धप्पाची खात्री पटली, की हे शास्त्र खरं आहे.

दुसऱ्या आठवड्यात राईएवढ्या पुडीनं भागेना. उंदीर सरावले. पूड ज्वारीच्या दाण्याएवढी केली, मग हरभऱ्याएवढी. तिसऱ्या आठवड्यात दिसलं ते असं:

पाच नंबरचा उंदीर दहा ते पाच डावीकडनं गोल फिरत होता. एकदाही उजवीकडनं नाही.

नऊ नंबर पिंजऱ्याची एकच सळई हुंगत होता. बाकीच्या सळया त्याच्या लेखी नव्हत्याच.

अकरा नंबर एक कोपरा चाटत बसला होता. जिभेतनं रक्त आलं तरी चाटतच होता.

दाणे कुणी खाईना. एकाच आईची पिल्लं असलेले दोघं एकमेकांचे कान कुरतडून बसले. सात नंबरनं स्वतःचा पंजा खाल्ला.

वसंतराव अकरा नंबरपुढं बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "केवढी निष्ठा आहे हो! दफ्तरखान्यात असा एक माणूस मला द्या, मी चार वर्षांची तुंबलेली कामं काढून दाखवतो."

तक्त्यात रकाने दोनच होते: 'डोळे उघडे' आणि 'डोळे मिटलेले'. तीन नंबर मेला तो डोळे उघडे ठेवून मेला. त्याला काय लिहावं असं गुरुसिद्धप्पानं विचारलं. वसंतरावांनी तक्ता उलटसुलट करून बघितला, आणि तिसरा रकाना कुठंच सापडला नाही तेव्हा, जे दिसतं ते लिहा, असं सांगितलं. त्यामुळं तीन नंबर पुढं चार दिवस, म्हणजे वास सुटेपर्यंत, सर्वांत जास्त जागा राहिलेला उंदीर ठरला. अहवालात त्याचा खास उल्लेख आहे.

हे सगळं सिद्धम्मा मागच्या दारातनं बघत होती. पिंजरे धुवायला शिपाई मंजूर नव्हता, म्हणून ते काम तिच्याकडंच आलं होतं. एक दिवस तिनं खराटा खाली टाकला.

"अय्यो पाप! अवो, ह्यांला भांग चढल्यागत झालंय. डोळं बगा की त्यांचं. माज्या म्हायेरी नळदुर्गाकडं शिमग्यात कुणाला चढली की चिंचंचं पानी पाजतेत, घटकाभरात उतरती."

"सरकारी उंदीर हायत. हात लावू नको," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

"मंग सरकारनं निजवावं त्यांला."

आणि बाईनं पाजलं. दुसऱ्या दिवसापासून भांडी घासायची चिंच घोळून पाण्याच्या वाट्यांत घालायला लागली. पण पिंजऱ्यांची वरची रांग उंच, तिथंपर्यंत तिचा हात पोचेना. म्हणून पाणी खालच्या रांगेलाच मिळालं. आठवड्यात असं झालं की वरचे सगळे गरगरत होते आणि खालचे दुपारी बारा वाजता पोटात पाय घेऊन निजत होते. उठून दाणे खात होते. मूत्राच्या बाटलीत निळा कागद बुडवला की तो लाल व्हायचा. अंगात आंबट शिरलं की जावक विभाग खडबडून कामाला लागतो आणि पूड भराभर बाहेर काढून टाकतो, हे शोधायला विलायतेत मोठमोठ्या प्रयोगशाळा लागल्या असत्या. इथं बुटकी बाई आणि उंच फळी एवढ्यावर भागलं.

मग अहवालाचा दिवस आला. हुकमाचा नंबर उतरवून घ्यावा म्हणून गुरुसिद्धप्पानं तो जुना कागद काढला आणि धूळ झटकायला उलटा केला. त्याच्या पाठीवर कलम पाच होतं. ते त्यानं तोवर वाचलेलंच नव्हतं. कलम चार वाचल्यावर पुढं वाचायला माणूस थांबतो कशाला? कलम पाच: तजुर्बा यशस्वी झाल्यास सफूफ प्रथम आरजी मुलाजिमांस (नोकरांस) देण्यात यावा.

शिवशरण आरजी होता.

शिवशरण हा त्याचा धाकटा भाऊ, तेर गावच्या लेव्हीच्या गोदामावर पहारेकरी. आईबाप प्लेगात गेले तेव्हा तो दीड वर्षाचा होता आणि गुरुसिद्धप्पानं त्याला मांडीवर निजवून वाढवला होता. जगात त्याला एकच गोष्ट उत्तम येत होती, ती झोप. स्वतःच्या लग्नात डोक्यावर अक्षता पडत असताना तो उभ्यानं झोपला होता, आणि नवऱ्या मुलीनं, म्हणजे नीलम्मानं, त्याला कोपरानं जागं केलं होतं. आता त्यांना सहा महिन्यांची मुलगी होती, आणि तिला छातीवर घेऊन तो गोदामाच्या दारात असा झोपायचा की तेरचे लोक पावलं न वाजवता पलीकडनं जात.

गुरुसिद्धप्पानं त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा तक्त्यात नसलेली गोष्ट लिहिली. वेगळा कागद घेतला आणि कोणी पंजा खाल्ला, कोणी कान, किती मेले, किती वाळले ते सगळं अक्षर न बिघडवता लिहून काढलं.

वसंतरावांनी तो कागद वाचला. बसून वाचला. चष्मा काढून डोळे पुसले, आणि खरंच पुसले, नाटक नव्हतं.

"गुरुसिद्धप्पा, कागद उत्तम आहे. शब्द न् शब्द खरा आहे. पण हा जोडायचा कुठं? दोन रकान्यांच्या तक्त्याला दोनच पानं मंजूर आहेत. हा जोडला तर तजुर्बा फसला असं होईल. मग तुमचं कलम चार गेलं, माझा म्हातारपणाचा वजिफा गेला आणि तुमच्या घरच्या माणसांनी चूल फोडायची."

"आणि माजा भाऊ, रावसाहेब?"

"त्याचं तुम्ही बघा. तुम्हाला तर उतारा ठाऊक आहे."

खरंच की! उतारा घरातच होता. गुरुसिद्धप्पाला एकदम हलकं वाटलं. नोकरी पक्की होईल, शिवशरणला दर आठवड्याला चिंच पोचवता येईल, आणि सरकारला काही कळायचं कारण नाही. दोन्ही हातांत लाडू. त्यानं तो वेगळा कागद आपणच घडी करून खिशात घातला. उरला एकच प्रश्न, की खालच्या रांगेतले उंदीर दुपारी झोपत होते ते का. ते काही लपवता येईना, तक्त्यात 'डोळे मिटलेले' आलेलंच होतं. कारण लिहिणं भाग होतं, आणि खोटं लिहायची त्याला सवय नव्हती. त्यानं लिहिलं: चिंच.

बहमन महिन्यात, म्हणजे डिसेंबरात, उत्तर आलं. तजुर्बा यशस्वी. गुरुसिद्धप्पा मुस्तकिल. सिद्धम्मानं चुलीला हळदकुंकू वाहिलं. सोबत एक गश्ती, म्हणजे परिपत्रक, होती, ती जिल्हाभर गेली. त्यात पुढील बाबी होत्या: एक, चिंच ही बेदारीची शत्रू असल्याचं मोहर्रिर गुरुसिद्धप्पा यांनी सप्रमाण सिद्ध केलं आहे. दोन, सबब कुठल्याही आरजी मुलाजिमानं चिंच, चिंचेचं सार, चिंचगुळाची आमटी, आंबाडी अथवा लिंबू खाऊ नये. तीन, भाकरीच्या पिठात चिमूटभर पापडखार घालावा, त्यानं पूड अंगात टिकते. (हे खरंच आहे. महकमा मूर्ख होता असं कुणी समजू नये.) चार, चिंचेची झाडं तोडावीत की नाही यासाठी कमिटी नेमली आहे.

पुड्या लगोलग वाटल्या गेल्या, पण गुरुसिद्धप्पाला रजा मिळायला महिना लागला; मग एका सोमवारी तो येडशीला छोट्या गाडीत बसून तेरला गेला. धोतराच्या ओच्यात चिंचेचा गोळा, आणि डब्यात कुणी शिंकलं तरी दचकत होता. बाजारात कुत्रं न विचारणारी वस्तू, आणि पक्का झालेला सरकारी माणूस ती चोरून नेत होता.

तेरणा नदीच्या बाजूनं तो गोदामाशी आला तर ओळखू येईना. भोवतीच्या दगडांना चुना लावलेला, अंगण असं झाडलेलं की मुंगीचा माग दिसावा. शिवशरण फेरी मारत होता. पट्टा कमरेवर सैल झाला होता, त्याला दोन नवी भोकं पाडली होती.

"अण्णा, आलाव? बसा. न्हाय, बसू नका, उभ्यानंच बोला, म्या फेरीवर हाय. गोणी मोजल्या, सहाशे बारा. परत मोजतो. ह्ये बगा कागद आलाय, शाबासकीचा! जिल्ह्यात पहिला नंबर आपला. आजवर कुणी मला चांगलं म्हणलं होतं का, सांगा की. झोपाळू, कुंभकर्ण, हेच की न्हाय? आता गावचा ईरण्णा पाटील सोता रामराम घालतो."

"शिवा, जेवला का?"

"जेवायला काय हाय त्यात. म्या अर्ज केलाय, दोन पुड्या द्या म्हणून. एकीनं काय हुईना आता."

दारात नीलम्मा उभी होती. कडेवर मुलगी. "भावजी," ती म्हणाली, "ही बापाकडं झेप घेती आन् ह्ये तिला बाजूला सारून फेरीला जातेत. तीन हप्ते झाले, आंथरुनाला पाठ न्हाय. तुमीच सांगा कायतरी."

गुरुसिद्धप्पानं ओचा सोडला. "शिवा, माज्या राजा, एवढी चिंच खा. एवढंच ऐक. म्या डोळ्यांनी बघितलंय रं काय हुतंय ते." उंदरांना निदान पूड गुळात घालून फसवून द्यावी लागायची. इथं समोर भाऊ हात पसरून दुप्पट मागत होता.

शिवशरण थांबला. चिंचेकडं बघितलं आणि एक पाऊल मागं सरला. "अण्णा! ह्याला बंदी हाय. तुमच्याच नावानं गश्ती आलीया. सरकारी गोदामात आणलीत व्हय?" आणि मग फार मायेनं, मोठ्या भावाच्या पायाला हात लावून म्हणाला, "राग मानू नका, पर म्या नमुनेदार मुलाजिम हाय. मला ह्ये वर कळवावं लागंल."

त्यानं कळवलं. त्याच्या सगळ्या कामांसारखं हेही त्याच दिवशी झालं. निकालही लवकर लागला: चिंच बाळगल्याबद्दल मोहर्रिर गुरुसिद्धप्पा यांस पुन्हा आरजी करण्यात येत आहे. आणि आरजी झाल्यावर कलम पाच आपोआप लागू झालं. सकाळी दहाला पुडी आली. ज्याला त्या पुडीचा तोंडापासून जावकेपर्यंतचा सगळा प्रवास पाठ होता त्यानं ती वसंतरावांच्या देखत पाण्याबरोबर घेतली, कारण न घ्यावी तर चूल फोडावी लागणार होती.

दुपारी सिद्धम्मा चिंचेचं पाणी पदराखाली लपवून आली. गुरुसिद्धप्पाच्या पुढ्यात चार महिन्यांची तुंबलेली कामं होती आणि त्यातली तीन महिन्यांची उरकली होती. अक्षर जरा बारीक झालं होतं, पण झरझर येत होतं.

"घ्या," ती म्हणाली. "कुणी बघंना."

"आज नको," तो म्हणाला. मान वर केली नाही. "आज लई काम हाय."

दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला. आठ दिवसांनी ती पाणी घेऊन यायची राहिली, पण रोज दारात येऊन उभी राहून जायची. तिला नवऱ्याचा असा राग कधी आला नव्हता आणि अशी कीवही.

शहरेवर महिन्यात, म्हणजे जुलैत, तेरहून माणूस आला. शिवशरण सकाळी फेरीवर असताना चालता चालता पडला होता आणि उठला नव्हता. चिठ्ठी गुरुसिद्धप्पाच्या हातात पडली तेव्हा दोन वाजले होते. त्यानं ती वाचली, आवक नंबर घातला, तारीख घातली आणि हातातलं पान पुरं करायला घेतलं. "पाच वाजता निघतो," असं त्या माणसाला सांगितलं. ते पान झाल्यावर दुसरं होतं. पाचाला शिपायानं दार लावायला घेतलं तेव्हा तो आत लिहीतच होता. सिद्धम्मा तोवर एकटीच येडशीच्या वाटेला लागली होती, आणि चालताना मोठ्यानं रडत होती, आल्यागेल्याची लाज न बाळगता.

गुरुसिद्धप्पा तेरला पोचला तो तिसऱ्या दिवशी. पुडी संपली होती आणि नवी यायची होती, म्हणून. नीलम्मानं त्याच्यापुढं मुलगी धरली, तेव्हा कुठं तो खाली बसला आणि ऊर बडवून घेतला.

पुढं लढाई संपली, तीन वर्षांत राज्यही गेलं आणि महकमा कागदावरनं उठला. पुड्या कुठं गेल्या ते कुणी विचारलं नाही, कारण तोवर माणसं त्यांच्यावाचूनच गरगरायला लागली होती.

आता हे वाचून तुम्हाला गुरुसिद्धप्पाचा संताप आला असेल. यावाच. सख्खा भाऊ गेल्यावर पान पुरं करत बसणाराला काय म्हणावं, ते खुशाल म्हणा. फक्त एक आठवून बघा. मागच्याच आठवड्यात रस्त्यात कुणीतरी जुन्या ओळखीचं माणूस तुम्हाला भेटलं, थांबलं, आणि कसं काय चाललंय म्हणून त्यानं आपुलकीनं विचारलं. तुम्ही चालता चालताच म्हणालात, "काय सांगू, मरायलासुद्धा वेळ नाही बघा." आणि हे सांगताना तुम्ही हसलात, अंमळ ऐटीतच.